आल्प्स बंद व्हायच्या आत

तुमच्या फोनमध्ये आल्प्सचं निदान एक रील सेव्ह केलेलं आहे. नाही म्हणू नका. हिरवंगार कुरण, मागे बर्फाचा सुळका, काठोकाठ निळं तळं आणि त्या काठावर पाय सोडून बसलेलं कुणीतरी. माझ्याकडे अशी एकतीस रील्स होती. त्यातली जवळजवळ सगळी जुलै-ऑगस्टमधली आहेत, हा साक्षात्कार मला जायच्या तीन आठवडे आधी झाला. तोवर दिवाळीच्या सुट्टीतली तिकिटं काढून झाली होती.

माझी ताई जर्मनीत फ्रायबुर्गला शिकते. तिथून बाझल आणि बर्नमार्गे स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला जायला रेल्वेने साधारण तीन तास लागतात. त्यामुळे ‘दिवाळीत आई आणि तू या, चार दिवस डोंगरात जाऊ’ असं तिनं म्हटल्यावर सगळं एकदम सोप्पं वाटलं होतं. मी लगेच एक्सेल शीट उघडली. चार दिवसांत सात ट्रेक, दोन हिमनद्या आणि झरमॅटचं मॅटरहॉर्नसुद्धा! ताईने ती शीट बघून एवढंच विचारलं, ‘‘यातल्या किती केबल कार तेव्हा चालू आहेत?’’

खरी गोष्ट इथून सुरू होते. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे सीझन उघडायचा महिना. पाऊस ओसरतो, सोनकी फुलते, ग्रुपवर ‘राजगड कोण कोण?’ असे मेसेज पडायला लागतात. आल्प्समध्ये नेमकं उलटं. तिथे ऑक्टोबर म्हणजे शटर खाली ओढायचा महिना. उन्हाळ्यात वर चरायला नेलेल्या गाई सप्टेंबरमध्ये फुलं माळून, गळ्यात मोठाल्या घंटा बांधून खाली आणतात. (आई फलटणची. तिला हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, ‘‘आमच्याकडचे धनगर दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरतात, तसंच की.’’) डोंगरावरची छोटी हॉटेलं एकेक करून बंद होतात. आणि उन्हाळ्याची गर्दी संपून स्कीइंग सुरू व्हायच्या मधल्या काळात केबल कार देखभालीसाठी थांबवतात. जर्मनमध्ये याला ‘रेव्हिजन’ म्हणतात आणि शरद ऋतूत जाणाऱ्याने सगळ्यात आधी पाठ करायचा शब्द हाच आहे. काही केबल कार ऑक्टोबरच्या मध्यावर थांबतात, काही शेवटच्या आठवड्यात, काही नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तारखा दरवर्षी बदलतात आणि त्या-त्या कंपनीच्या वेबसाइटवर असतात. त्यामुळे आधी ट्रेक ठरवून मग तारखा बघू नका. आधी आपल्या तारखांना काय चालू आहे ते बघा, उरलेल्यातून ट्रेक निवडा. माझ्या सातातले तीन तिथेच गेले.

मग जागा. शरद ऋतूत आल्प्सला जाणाऱ्यांच्या डोक्यात लार्चचं वेड असतं, माझ्याही होतं. लार्च हे सूचिपर्णी झाड, पण आपल्या भाऊबंदांसारखं बारा महिने हिरवं न राहणारं. ऑक्टोबरमध्ये त्याच्या सुया सोनेरी होतात आणि मग गळून पडतात. हा सोहळा बघायचा तर झरमॅटचा परिसर किंवा एंगाडिनचं खोरं. पण आम्हाला इंटरलाकेन जवळ होतं, आईला रोज सुटकेस ओढायला लावायची नव्हती आणि चार दिवसांत दोन खोरी म्हणजे अर्धी ट्रिप प्लॅटफॉर्मवर. मी दोन दिवस रुसले आणि लार्च सोडून दिला. आम्ही विल्डर्सविल नावाच्या गावात एकच खोली घेतली. तिथून एकीकडे लाउटरब्रुनेन आणि दुसरीकडे ग्रिंडेलवाल्ड, दोन्ही बाजूंना रेल्वे जाते. सकाळी उठून आकाश बघायचं आणि बाजू ठरवायची.

आकाश बघायचं म्हणजे खिडकीतून नाही, हे तिसऱ्या दिवशी कळलं. सकाळी बाहेर एवढं दाट धुकं की समोरचं घर दिसेना. मी परत गोधडीत. ताई मात्र वेबकॅम उघडून बसली होती. जवळजवळ प्रत्येक केबल कारच्या वरच्या स्टेशनवर कॅमेरा असतो आणि त्याचं चित्र फुकट बघता येतं. वर २,००० मीटरवर लख्ख ऊन! शरद ऋतूत हे नेहमीचं आहे. रात्री थंड झालेली जड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते, तिच्यात धुकं धरतं, आणि वर मात्र स्वच्छ, कधीकधी खालच्यापेक्षा उबदार असतं. एरवी हजार मीटर चढलात की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, अशा सकाळी हे गणित उलटतं. हॉटेलच्या नाश्त्याला बसलेले लोक ‘आज काहीच दिसणार नाही’ म्हणत कॉफी ढोसत होते आणि आम्ही वीसेक मिनिटांत पायात बूट घालून स्टेशनवर.

एक मात्र केलं होतं. केबल कारची तिकिटं आम्ही घरून काढलीच नव्हती. रोज सकाळी ठरलं की तिकीट. हाफ फेअर कार्ड घेतलं की रेल्वे, बस आणि बहुतेक केबल कार अर्ध्या पैशांत मिळतात, म्हणून आम्ही ते निवडलं. स्विस ट्रॅव्हल पास रोज लांबलांब फिरणाऱ्याला परवडतो. डोंगरगावांपर्यंत तो चालतो, त्याच्या वर बहुतेक ठिकाणी फक्त सवलत. एका कोपऱ्यात बसून ट्रेक करायचे असतील तर दोन्हींचा हिशोब कागदावर मांडा.

आता पिवळी पाटी. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यावर किलोमीटर नसतात, वेळ असते. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, पाय जपून टाका. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे ज्यांना खरंच येतं त्यांनीच, आपण नाही. पाटीवरची वेळ न थांबता चालणाऱ्याची असते. त्यात फोटो, चहा, चकली आणि ‘ए, इकडे बघ ना’ धरलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी वेंगेनहून केबल कारने मेनलिखेनला गेलो आणि तिथून क्लायने शायडेग खिंडीपर्यंत चाललो. साडेचार किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार, समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ अशी तिघं रांगेत. नवख्या माणसालाही जमेल आणि पैसे वसूल होतील, अशी ही वाट आहे. दीड तासाची. आम्हाला अडीच लागले. परतीच्या गाड्या उन्हाळ्यापेक्षा लवकर संपतात हे मी स्क्रीनशॉट काढून ठेवलं होतं, तरी शेवटची दहा मिनिटं आई, मी आणि दोन जपानी आजोबा अक्षरशः पळत होतो. तेव्हापासून आमचा नियम: पाटीवरची वेळ गुणिले दीड, आणि शेवटची गाडी आपली नाहीच असं समजून तिच्या आधीची पकडायची.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, पण दरीत सावली त्याच्या कितीतरी आधी येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग साडेपाचच्या आतच अंधार पडायला लागतो. हेडटॉर्च सामानात टाका, नाही लागला तर बरंच.

तर, तो धुक्याचा दिवस. ग्रिंडेलवाल्डहून गोंडोलाने फर्स्टला पोहोचलो, २,१६८ मीटर. खाली ढगांचं समुद्रासारखं पसरलेलं पांढरं पाणी आणि आम्ही काठावर. तिथून बाखआल्पझे नावाचं तळं तासाभरावर आहे. माझ्या एकतिसातली नऊ रील्स या एका तळ्याची होती. गवत हिरवं नव्हतं, पिंगट झालं होतं, सह्याद्रीत जानेवारीत असतं तसं. आणि प्रामाणिकपणे सांगते, मला ते जास्त आवडलं. गर्दी नाही, वारा नाही, तळ्यात श्रेकहॉर्नचं उलटं चित्र. आईने दगडावर बसून डबा काढला. (डब्यात बेसनाचे लाडू नव्हते. युरोपीय संघात भारतातून दूधदुभत्याचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, आणि तूप त्यातच आलं. चकली आणि शेंगदाण्याची चटणी चालते.)

खरं टार्गेट पुढे होतं. फाउलहॉर्न, २,६८१ मीटर, तळ्यापासून चारशे मीटरची चढण. माझ्या शीटमध्ये तो पिवळ्या रंगाने हायलाइट केलेला एकमेव ट्रेक. ताईने निघतानाच बजावलं होतं, ‘‘दीड वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं.’’ सुरुवातीला वाट कोरडी होती. मग सावलीतले पट्टे लागले. चार दिवसांपूर्वी पडलेला बर्फ तुडवला जाऊन त्याची काच झालेली. उन्हाळ्यात हीच वाट लोक गप्पा मारत चढतात. पण शरद ऋतूत सूर्य खालून सरकतो, डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला दिवसभर ऊन पोहोचत नाही आणि सकाळचं गोठलेलं दुपारपर्यंत तसंच राहतं. आईचा पाय सटकला. पडली नाही, काठी होती, पण गुडघा टेकला. ती ‘‘काही नाही गं’’ म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

वाजले होते एक वाजून पाच मिनिटं. नियमाप्रमाणे अजून पंचवीस मिनिटं माझी होती. मी म्हटलं, ‘‘आई चालतेय ना, जाऊया की.’’ ताई वळली आणि म्हणाली, ‘‘ती तुझ्यासाठी चालतेय.’’

आम्ही फिरलो. मी तळ्यापर्यंत एक शब्द बोलले नाही. उतरताना त्याच काचेवरून आईचा हात धरून एकेक पाऊल टाकायला आम्हाला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला. वर पोहोचलो असतो तर हे सगळं आणखी लांब, आणखी सावलीत, शेवटच्या गोंडोलाकडे बघत.

एक कोरडी पण महत्त्वाची गोष्ट. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतोच, पण त्यात डोंगरातली भटकंती आणि हेलिकॉप्टरने सुटका धरलीय का, आणि किती उंचीपर्यंत, हे बारीक अक्षरांत असतं. ते वाचा. तिथे रेगा ही हवाई बचाव सेवा आहे, तिचा नंबर १४१४. युरोपभर चालणारा ११२ तर आहेच. आम्ही दोन्ही नंबर आईच्या फोनमध्येही टाकले होते, कारण धडपडणारी ती असेल असं का धरायचं?

चौथ्या दिवशी दुपारची परतीची गाडी होती आणि भुरभुर पाऊस. यासाठी ढगांचा प्लॅन तयार होता. लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रूचआल्प, आणि तिथून रुळांच्या कडेने तासाभराची जवळजवळ सपाट वाट मुर्रेनपर्यंत. मोटारी नसलेलं गाव. पावसातही चालता येतं, मध्येच कंटाळा आला तर छोटी रेल्वे आहे. समोरची शिखरं ढगात होती, मग मधूनच आयगरचा एक काळा तुकडा दिसला आणि पुन्हा गेला.

मुर्रेनच्या स्टेशनवर उंचीची पाटी होती, १,६३८ मीटर. आईने ती वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि विचारलं, ‘‘कळसूबाई किती गं?’’

‘‘सोळाशे शेहेचाळीस.’’

‘‘म्हणजे आपलीच उंच, आठ मीटरने,’’ आई म्हणाली आणि उरलेल्या चकल्यांची पिशवी उघडली.