मॉरिशसच्या रानांत चार चाकांवर

परदेशच्या प्रवासाला निघालेला आपल्यांतील सुशिक्षित गृहस्थ लाडू-चिवड्याचे डबे, औषधांची पेटी आणि पारपत्रें यांची जितकी काळजी घेतो, तितकीच आणखी एका वस्तूची घेतो. ती म्हणजे त्याची स्वतःविषयींची समजूत. घरापासून हजारों मैल दूर गेला तरी ती तो कोठें उतरवून ठेवीत नाहीं. माझीहि अशी एक समजूत होती. पुण्याच्या रस्त्यांवर तीस वर्षें स्कूटर चालविल्यानंतर कोणत्याहि वाहनाबद्दल आपल्याला कोणाकडून कांहीं शिकावयाचें उरलेलें नाहीं, असें मी मनांत धरून होतों. मॉरिशस बेटांतील एका डोंगरउतारावर ही समजूत अर्ध्या मिनिटांत गळून पडली. ती कशी पडली, हें सांगण्यांत थोडा कमीपणा आहे. पण वाचकांना त्यापासून कांहीं उपयोग होईल अशा आशेनें सांगतों.

मे महिन्यांत मुलाच्या व सूनबाईच्या आग्रहावरून आम्ही उभयतां त्यांच्याबरोबर आठ दिवसांसाठीं मॉरिशसला गेलों. हिंदी महासागरांतील हें बेट ज्वालामुखीपासून झालेलें आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याहून फारसें अधिक नाहीं. तें दक्षिण गोलार्धांत असल्यामुळें, इकडे वैशाखवणवा पेटलेला असतांना तिकडे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. तीन दिवस समुद्रकिनाऱ्यावर घालविल्यानंतर मुलानें नैर्ऋत्येकडील डोंगरांत ‘क्वाड बाईक’वरून फिरण्याचा बेत काढला. या वयांत हें कसलें धाडस, असें मीं वरवर म्हटलें खरें. पण मनांतून मला आनंदच झाला होता.

हें वाहन कित्येकांनीं अलिबागच्या बाजूच्या किनाऱ्यांवर पाहिलें असेल. तिकडे त्याला एटीव्ही म्हणतात. मोटारसायकलीप्रमाणें दोन्ही बाजूंस पाय टाकून बसण्याचें आसन, समोर तसाच आडवा दांडा, आणि खालीं चार फुगीर चाकें. या चाकांत हवेचा दाब अगदीं कमी ठेवितात. त्यामुळें रबर जमिनीवर पसरतें आणि चिखलांत किंवा वाळूंत गाडी सहसा रुतत नाहीं. ही कल्पना प्रथम तीन चाकांवर आली. जपानच्या होंडा कंपनीनें १९७० सालीं तीनचाकी गाडी बाजारांत आणिली. तिला वळणावर उलटण्याची खोड होती. अपघात इतके वाढले कीं १९८८ सालच्या न्यायालयीन तडजोडीनें अमेरिकेंत अशा नव्या गाड्यांची विक्री थांबली. मध्यंतरीं १९८२ सालीं सुझुकी कंपनीनें चार चाकांची गाडी काढली होती; तोच प्रकार पुढें रूढ झाला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील शेतकरी आज त्याच्यावर बसून मेंढ्या हांकतात.

परंतु चार चाकें आहेत म्हणजे धोका नाहीं, असें समजूं नये. गाडीचें वजन दोन-अडीचशें किलोंहून अधिक, बांधणी उंच व अरुंद. उलटली तर ती चालकाच्या अंगावरच येते. याच कारणानें ऑस्ट्रेलियांत ऑक्टोबर २०२१ पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या गाड्यांवर चालकाच्या रक्षणाची कमान बसविणें सक्तीचें झालें आहे. ही माहिती मीं घरीं परत आल्यावर मिळविली. ती आधीं मिळविली असती, तर पुढील प्रसंग कदाचित् टळला असता.

आम्ही ज्या ठिकाणीं गेलों तें एका जुन्या ऊंसमळ्याचें रान होतें. सहा गाड्या ओळीनें उभ्या होत्या. वाट दाखविणारा तरुण पंचविशीच्या घरांतला, सांवळा, सडपातळ आणि मितभाषी होता. त्यानें प्रथम सर्वांच्या डोक्यांवर हेल्मेटें चढविलीं व पट्टे स्वतः ओढून पाहिले. आमच्या सौभाग्यवतीची ओढणी चाकांत अडकेल म्हणून त्यानें ती काढून ठेवावयास लाविली. मग हिंदी व इंग्रजी यांच्या मिश्रणांत त्यानें तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, गाडी चालत असतां पाय कधींहि जमिनीला टेकावयाचा नाहीं. टेकलेल्या पायावरून मागचें चाक जातें. दुसरी, येथें मूठ पिळून वेग वाढत नाहीं, अंगठ्यानें खटका दाबून वाढतो. भीति वाटली कीं माणूस मूठ आवळतो आणि अंगठाहि आपोआप दाबला जातो, म्हणून अशा वेळीं अंगठा आधीं उचलावा. तिसरी, गाडी कलली तर दोघांनींहि अंग चढाच्या बाजूला झुकवावें.

पत्नीनें त्याला दोन प्रश्न विचारले व तिसरी गोष्ट स्वतः करून पाहिली. मी त्या वेळीं सुनेला समुद्राच्या पार्श्वभूमीवर माझें छायाचित्र कोठून घ्यावें तें सांगत होतों.

निघालों. पुढें वाटाड्या, त्याच्या मागें आम्ही, आमच्या मागें मुलगा व सून, नंतर इतर मंडळी, आणि सर्वांत शेवटीं वाटाड्याचा सोबती. ऊंस डोक्यापेक्षां उंच वाढलेला आणि त्याला रुपेरी तुरे आलेले. मधून लाल मातीची ओली वाट. दोन्ही हातांना धरणीचा कंप जाणवतो, पोटऱ्यांना इंजिनाची ऊब लागते आणि प्रत्येक खांचेंतून गाडी अशी उचलली जाते कीं वयाची वीस वर्षें मागें पडल्यासारखीं वाटतात. आमचा वेग सायकलीपेक्षां फार नसेल. पण उघड्यावर, जमिनीच्या इतक्या जवळ, तोच वेग दुप्पट भासतो. एक ओढा ओलांडतांना पाणी गुडघ्यापर्यंत उडालें, तेव्हां मी मोठ्यानें हंसलों. मागून पत्नी म्हणाली, “जरा हळू.” हे दोन शब्द तीस वर्षें स्कूटरवर माझ्या कानाशीं पडत आलेले असल्यामुळें मीं ते ऐकले नाहींत.

त्यापुढें उतार होता, डावें वळण होतें आणि कडेला काळ्या दगडांचा ढीग होता. गाडी घसरूं लागली. हाताला स्कूटरची संवय. मीं मूठ पुढें पिळली. कांहीं झालें नाहीं. मग मीं मूठ आवळली आणि वाटाड्यानें सांगितलें होतें तेंच झालें. अंगठा दाबला जाऊन गाडी थांबण्याऐवजीं उसळली. डावें चाक दगडांवर चढलें, गाडी उजवीकडे कलली, आणि चौकांत लाल दिव्यापाशीं टेकतों तसा माझा उजवा पाय सरळ खालीं गेला.

“पाय वर! अंगठा सोडा!” पत्नी ओरडली. तिच्या आवाजांत असा अधिकार होता कीं मीं विचार न करतां आज्ञा पाळली. मागचें चाक माझ्या बुटाची टांच घांसून गेलें. तिनें आपलें सारें अंग दगडांच्या बाजूला टाकलें होतें. तेवढ्या भारानें कललेली गाडी क्षणभर डळमळली आणि धपकन् चारी चाकांवर बसली. वाटाड्या धांवत आला. त्यानें माझा पाय चांचपून पाहिला, मग पत्नीकडे पाहून मान लवविली. मला तो एक शब्दहि बोलला नाहीं. आणि तेंच मला अधिक लागलें.

सर्वांनीं गाड्या बंद केल्या. वाटाड्यानें जवळच्या झुडपांवरून लहान लाल पेरू तोडून आणिले व खिशांतल्या पुडींतील तिखटमीठ लावून आम्हांला दिले. आमचें बोलणें कानीं पडल्यावर त्यानें थोडें लाजत विचारलें, “तुम्ही मराठी?” त्याच्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून आलेले. घरांत क्रिओल भाषा बोलतात. मराठी तो शाळेंत शिकला. गणेशचतुर्थीला तेथें सरकारी सुटी असते, आणि कोंकणांतील जाखडी त्या बेटावर अजून नाचतात. ती आपण लहानपणीं नाचलों आहों, हें सांगतांना त्याचा चेहरा खुलला.

मीं त्या दगडांच्या ढिगाबद्दल विचारलें. ज्वालामुखीच्या या भूमींत नांगर घालण्याआधीं दगड वेचावे लागत. आधीं गुलामांनीं आणि १८३५ सालीं गुलामगिरी बंद झाल्यावर हिंदुस्थानांतून करारानें नेलेल्या मजुरांनीं ते हातांनीं उचलून रचले. करार या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा त्यांनीं ‘गिरमिट’ केला. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लाख माणसें पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलीं. त्या आप्रवासी घाटाला २००६ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. पुढें युरोपीय संघानें साखरेचा ठरीव भाव २००६ नंतरच्या कांहीं वर्षांत ३६ टक्क्यांनीं उतरविला, आणि कित्येक मळेवाल्यांना पर्यटनासारखे दुसरे धंदे शोधावे लागले. ज्या वाटेवर मी मौजेखातर चाकें फिरवीत होतों, तिच्यांतील दगड कोणाकोणाच्या हातांनीं उचलले गेले होते! त्यांपैकींच एका ढिगावर माझी ऐट आपटली, यांत मला अन्याय दिसला नाहीं.

निघण्याची वेळ झाली. वाटाड्या कांहीं म्हणणार, तोंच पत्नी म्हणाली, “अहो, आतां मी चालवूं का?”

इतक्या वर्षांत तिनें हा प्रश्न एकदांच विचारला होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षीं, नव्या स्कूटरबद्दल. त्या वेळीं मीं काय उत्तर दिलें, तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. वाटाड्यानें तिला मोकळ्या जागेंत चार फेऱ्या मारावयास लावून परीक्षा घेतली व पुढचें आसन दिलें. मी मागें बसलों.

मागच्या आसनावरून जग निराळें दिसतें. पुढच्या माणसाला वाट दिसते. मागच्याला वाटेबरोबर पुढच्या माणसाचे खांदेहि दिसतात, आणि ते कधीं आंखडले व कधीं सैल झाले तें कळतें. तिचे खांदे पहिल्या उतारावर आंखडले, दुसऱ्यावर सैल झाले. चढावर ती पुढें वांकली, उतारावर मागें सरली. खड्डा दिसला कीं अंगठा आधीं उचलला. तिच्या हाताला स्कूटरची संवय नव्हती, म्हणून मोडावयाचें कांहींच नव्हतें. एकदांच मीं तिच्या कानाशीं “हळू” म्हटलें, आणि तिनें खरोखरच वेग कमी केला.

माथ्यावर थांबलों तेव्हां पश्चिमेला समुद्रालगत ल मॉर्नचा ५५६ मीटर उंचीचा कडा दिसला. पळालेले गुलाम त्याच्या आश्रयानें लपून राहत. खालच्या दरींत लांब शेपटीचें एक पांढरेंशुभ्र पांखरूं घिरट्या घालीत होतें. त्या देशाच्या विमान कंपनीचें तें चिन्ह आहे. वाटाड्यानें सांगितलें कीं आम्ही खाल्ले ते पेरूहि बाहेरून आलेले. त्यांच्या दाट झुडपांनीं मूळची झाडें गुदमरून जातात. मूळचें चांगलें रान बेटावर दोन टक्केसुद्धां उरलेलें नाहीं. म्हणूनच आंखलेली वाट सोडून एक हातभरहि बाजूला जाऊं नये, असा त्याचा आग्रह होता. फुगीर चाकांनीं मोकळी झालेली माती पहिल्या पावसांत वाहून जाते.

ज्यांना असा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं थोडीं पथ्यें पाळावीं. पाठीच्या कण्याचें दुखणें असल्यास किंवा घरांतली सून-लेक गरोदर असल्यास या वाटेला जाऊं नये. पायांत घोटा झांकणारे बूट असावे; साडीचा पदर वा ओढणी नसावी. गाडी दोघांसाठीं बांधलेली आहे, याची खात्री करून मगच दोघांनीं बसावें. आपल्या प्रवासविम्यांत हें वाहन वगळलेलें नाहीं ना, तें आधीं पाहावें. आणि वाटाड्या बोलत असतां छायाचित्रें काढूं नयेत.

सूनबाईनें माथ्यावर घेतलेलें एक छायाचित्र आमच्या दिवाणखान्यांत लाविलें आहे. त्यांत पत्नी दांडा धरून पुढें बसली आहे, आणि मी मागें, दोन्ही हातांनीं आसनाची कडी घट्ट धरून. येणारे-जाणारे हंसून विचारतात, “हें काय, वहिनी पुढें?” मी त्यांना सरळ उत्तर देतों, “त्या मुलानें सांगितलें तें आमच्यांत तिनें एकटीनेंच ऐकलें होतें.”