प्रश्नात नसलेला बिंदू

चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार गावं आहेत, बाजू १०० किलोमीटरची. चारही गावं जोडायची, पण कमीत कमी रस्ता बांधून. तीन बाजूंनी रस्ता नेला तर ३०० किलोमीटर होतो. दोन कर्ण काढले तर सुमारे २८३. बहुतेक जण इथेच थांबतात. पण मधल्या एका चौकाऐवजी दोन तिठे घेतले आणि प्रत्येक तिठ्यावर तिन्ही रस्त्यांमध्ये १२०-१२० अंशांचे कोन ठेवले, तर सुमारे २७३ किलोमीटरमध्ये काम भागतं.

अशा तिठ्याचं मूळ सतराव्या शतकात आहे. त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कुठे सर्वांत कमी भरते, असा प्रश्न फ्रान्सच्या फर्माने घातला. इटलीच्या तोरिचेल्लीने, हवेचा दाब मोजणाऱ्या त्याच तोरिचेल्लीने, तो सोडवला. त्याच्या मृत्यूनंतर शिष्य विव्हियानी याने १६५९ मध्ये उत्तर छापलं. कृती कंपासपेटीत मावणारी आहे. प्रत्येक बाजूवर बाहेरच्या अंगाला समभुज त्रिकोण काढायचा आणि त्याचं टोक समोरच्या शिरोबिंदूला जोडायचं. तिन्ही रेषा एकाच बिंदूत छेदतात, तोच फर्माचा बिंदू. मात्र त्रिकोणाचा एखादा कोन १२० अंश किंवा त्याहून मोठा असेल, तर तो शिरोबिंदूच उत्तर ठरतो.

जोडायचे बिंदू तीनाहून वाढले, की मधल्या जादा तिठ्यांना गणितज्ञ श्टाइनरच्या नावाने श्टाइनर बिंदू म्हणतात. खरं तर कितीही बिंदूंसाठी हा प्रश्न यार्निक आणि क्योसलर यांनी १९३४ मध्येच मांडला होता. पण कूरांट आणि रॉबिन्स यांच्या १९४१ च्या लोकप्रिय पुस्तकाने श्टाइनरचं नाव लावलं आणि तेच चिकटलं.

खरी अडचण इथून पुढे. तिठा नेमका कुठे, हे भूमिती सांगते. पण कोण कोणाला जोडायचं, हा ग्राफ थिअरीचा मामला. प्रत्येक गाव जाळ्याच्या टोकाला ठेवायचं म्हटलं, तर चार गावांसाठी जोडणीचे आराखडे तीनच असतात. दहा गावांसाठी ते २०,२७,०२५ होतात! हा प्रश्न अतिकठीण वर्गात मोडतो, हे गॅरी, ग्रॅहम आणि जॉन्सन यांनी १९७७ मध्ये दाखवलं. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये गावांच्या जागी खिळे बसवून त्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या, तर पडदा आपोआप १२० अंशांचे तिठे घेतो. दिसायला जादू, पण हा पडदा जवळचं बरं उत्तर सापडलं की तिथेच विसावतो. ते सर्वोत्तम असेलच, असं नाही.

मग जादा तिठ्यांनी जास्तीत जास्त बचत किती होते? समभुज त्रिकोणात ती सुमारे १३.४ टक्के. याहून जास्त कुठेच होणार नाही, असा अंदाज गिल्बर्ट आणि पोलाक यांनी १९६८ मध्ये बांधला. १९९० मध्ये डू आणि ह्वांग यांनी सिद्धता जाहीर केली, तिचं कौतुकही झालं. पुढे तिच्यात फट सापडली आणि अंदाज पुन्हा अंदाजच राहिला.