घरधनी गप्प होतो तेव्हा



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आज घरातल्या एका दुखण्याविषयी लिहितो. प्लॉट पाहायला गेलो की ते बऱ्याच घरांत दिसते, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. ते दुखणे म्हणजे नैराश्य, डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात ते.

चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडला, केवडा झाला, तर आपण उसाला आळशी म्हणत नाही. लोह कमी पडले हे ओळखून हिराकस देतो. माणसाच्या बाबतीत मात्र उलटे होते. दोन आठवडे किंवा जास्त दिवस मन उदास, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, अंगात त्राण नाही, "माझा काही उपयोग नाही" हा एकच विचार, ही या आजाराची लक्षणे. बायकांनाही तो होतो. पुरुषांत पुष्कळदा चिडचिड आणि दारू वाढते. घरचे मात्र म्हणतात, "अंगचोर झालाय!"

माझे मूळ गाव चिरनेर, १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे, उरण-पनवेलकडचे. तिथले एक घर मी जवळून पाहिले. घरधनी वर्षभर नुसते पडून असत. भाताची लावणी, गुरे, बाजार सगळे वहिनींवर आले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, भांडले असते तरी चाललं असतं. हे बोलतच नाहीत. माझंच काही चुकलं असेल, असं वाटतं." थोरली मुलगी शाळा बुडवून घरकामाला लागली. धाकटा बापाजवळ जायला भिऊ लागला. आधी देवदेवस्की झाली, मग मानसोपचार तज्ज्ञ. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागले. आज ते शेतावर जातात. वाईट दिवस अजून येतात, पण वहिनींना ते आधी ओळखता येतात.

औषधाच्या जोडीला बोलण्याचाही उपचार असतो. गोव्यात 'संगत' संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तो तपासला. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना रोजची छोटी कामे पुन्हा धरायला लावली. तीन महिन्यांनी १०० पैकी ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. हा उपचार न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होते. उत्साह आल्यावर काम करू, म्हणून थांबू नये. थोडे काम केले की उत्साह मागून येतो.

घरच्यांनी एवढे करावे :

१) "मन घट्ट कर" हा उपदेश नको. "चल, बरोबर जाऊ डॉक्टरकडे" म्हणावे.

२) काम लहान सांगावे. आज नुसती शेतावर चक्कर, उद्या गुरांना पाणी.

३) औषध आपल्या मनाने बंद करू नये.

४) कीटकनाशक, तणनाशक कुलपात ठेवावे, किल्ली दुसऱ्याजवळ. मरणाची भाषा निघाली तर सरळ विचारावे, एकटे सोडू नये. पोलिसांच्या भीतीने लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार सांगितला आहे.

५) मुलांना सांगावे, "बाबा आजारी आहेत. तुमच्यामुळे नाही."

६) सांभाळणाऱ्यानेही स्वतःची झोप, माहेर, मैत्रिणी सोडू नयेत. मारहाण झाली तर आजाराच्या नावाखाली सोसू नये.

'टेलिमानस'चा क्रमांक १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येते. रुग्ण तयार नसेल तर घरच्यांनी करावा. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते.

पीक हातचे गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा लागण करता येते. माणसाचे तसे नाही. म्हणून वेळेवर विचारा, आणि शेजारच्या घरीही हे वाचून दाखवा.

आपला,
ऊस विकास अधिकारी