अविशिष्ट लेख : यदृच्छेचा दुवा

मोठ्या ग्रंथालयांत आपण बहुधा ठरलेल्या कपाटाकडेच जातों. इतर कपाटें अपरिचितच राहतात. ज्ञानकोशाचेंही असेंच होतें. मलिक अंबर शोधणाऱ्यास मलिक अंबर मिळतो. परंतु ज्याचें नांवच ठाऊक नाहीं, तें शोधावें कसें?

मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला. त्याच्या दिशादर्शक पट्टींत ‘अविशिष्ट लेख’ नांवाचा एक दुवा आहे. तो दाबला कीं कोणता तरी एक लेख समोर येतो. पुन्हां दाबला कीं दुसरा.

हा दुवा पट्टींत बसविणें कठीण नाहीं. पट्टीचा मजकूर एका स्वतंत्र पृष्ठावर लिहिलेला असतो. त्यांत एका तारकेची ओळ म्हणजे विभागाचें शीर्षक व दोन तारकांची ओळ म्हणजे दुवा. दुव्याच्या ओळींत आधीं पत्ता, मग उभी रेघ, मग दिसावयाचें नांव, असा क्रम असतो. हें पृष्ठ बदलण्याचा अधिकार प्रचालकांसच असतो. कारण तेथील एक चूक सर्व पृष्ठांवर दिसते.

आतां निवड कशी होते तें पाहूं. प्रत्येक लेखास जन्मतःच शून्य व एक यांमधील एक यादृच्छिक अपूर्णांक मिळतो. दुवा दाबतांच नवा अपूर्णांक काढला जातो, व त्याच्या लगत पुढचा अपूर्णांक ज्या लेखाचा, तो लेख उघडतो. पुढें कोणीच नसल्यास आरंभींचा लेख घेतात.

समजा, पैठण दरवाजा ते क्रांती चौक या रस्त्यावर डोळे मिटून एक खडा टाकला, व तो पडला तेथून पुढचें पहिलें घर निवडलें. ज्या घराच्या अलीकडे मोकळी जागा अधिक, तें घर अधिक वेळां निवडलें जाईल. तद्वत् ही रीत जलद खरी, पण सर्व लेखांस तंतोतंत समान संधी देत नाहीं.

शाळेच्या लहान संकेतस्थळावर समान संधी देतां येते. लेख २४० असल्यास अपूर्णांकास २४० नें गुणावें, पूर्णांक तेवढा ठेवून त्यांत १ मिळवावा, व त्या क्रमांकाचा लेख दाखवावा. एखादा लेख काढून टाकल्यास मात्र क्रमांक पुन्हां लावावे. नाहींतर दुवा रिकाम्या जागीं नेईल.

अशा रीतीनें पुढें आलेला लेख कित्येकदां दोन ओळींचाच असतो. त्यास हंसूं नये. विकिपीडियाचा लेख वाचकासही सुधारतां येतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील एखाद्या गांवाविषयीं विश्वसनीय ग्रंथाच्या आधारें चार वाक्यें जोडणें विद्यार्थ्यास, पालकांच्या साहाय्यानें, सहज शक्य आहे. पुढचा वाचक कोणत्या लेखावर येऊन पोंचेल हें कोणासही सांगतां येत नाहीं. म्हणूनच प्रत्येक लेख वाचण्याजोगा असला पाहिजे.