गाजर गवत आणि पी. एल. ४८० : एका अन्नकराराचा मागे राहिलेला भार

महासत्तांच्या स्पर्धेचा खर्च बहुधा शस्त्रास्त्रांच्या हिशेबात मोजला जातो. परभणी जिल्ह्यातील बांधांवर आणि पडीक रानांत माजणाऱ्या गाजर गवताचा इतिहास मात्र धान्याच्या पोत्याशी निगडित मानला जातो.

१० जुलै १९५४ रोजी अमेरिकेत सार्वजनिक कायदा ४८० अमलात आला. शिलकी धान्य खपविणे आणि नवस्वतंत्र राष्ट्रांना साम्यवादी प्रभावापासून दूर राखणे, असे त्याचे दुहेरी प्रयोजन होते. भारताने ऑगस्ट १९५६ मध्ये करार केला. किंमत रुपयांत चुकवावयाची असल्याने परकीय चलन वाचले, हा लाभ निर्विवाद होय. तथापि १९६५ ते १९६७ या टंचाईच्या काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्य थोडे थोडे करून सोडण्याचे धोरण अवलंबिले; व्हिएतनामविषयक भारतीय टीकेची नाराजीही त्यामागे होती.

गवत याच गव्हातून आले, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु ती तारखांशी ताडून पाहावयास हवी. पुण्यात हे तण १९५५ च्या सुमारास, म्हणजे करारापूर्वीच, आढळले होते. बी धान्यातूनच आले असेल, तर १९५१ च्या अमेरिकी गहू-कर्जासारख्या आधीच्या आयातीकडे बोट दाखवावे लागते. एकोणिसाव्या शतकारंभीच्या वनस्पतिसूचीतही या वनस्पतीचा उल्लेख असल्याचे काही अभ्यासक दाखवितात. लोकांनी मात्र त्यास ‘काँग्रेस गवत’ म्हटले. दोष दिल्लीच्या पदरी पडला, वॉशिंग्टन नावानिराळे राहिले!

साचलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा हिशेब १९७४ मध्ये एका धनादेशाने मिटविण्यात आला. शेतातील हिशेब तसा मिटणारा नव्हता. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे खुरपणी करणाऱ्यांच्या त्वचेस दाह होतो, आणि एकदा हा विकार जडला की पुढे अल्प संपर्कही बाधतो. जनावरांनी ते खाल्ल्यास दुधास कडवट चव येते. हा खर्च लागवडीच्या हिशेबात ‘निंदणी’ या एका शब्दात दडून जातो, आणि तो सोसणारे हात बहुतांशी मजूर स्त्रियांचे असतात.

१९८४ मध्ये बंगळूर येथे मेक्सिकन भुंगे सोडण्यात आले. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठानेही त्यांच्या प्रसाराचे काम हाती घेतले. हे भुंगे पावसाळ्यात पाने फस्त करतात. पावसाळा सरून जमीन कोरडी पडू लागली की ते मातीत सुप्तावस्थेत जातात. ओलिताखालच्या रानात गवत मात्र तेव्हाही उगवत राहते, आणि रब्बीत ते उपटण्याचे काम पुन्हा हातांवरच येते.