तारापूरचा वेढा टेबलावर

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तारापूरच्या किल्ल्याचा तट फोडला. या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. पुढे त्याच वर्षी मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती आली. ही झुंज टेबलावर खेळायची तर साधारण २८ मिलिमीटर मापाचे सैनिक लागतात. खेळताना प्रत्येक सैनिक पुन्हापुन्हा उचलला जातो, म्हणून रंगाआधी त्याचे पाय बैठकीवर पक्के बसायला हवेत.

आधी सैनिक कशाचा आहे ते पाहावे. धातूचा किंवा रेझिनचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला की कोणताच गोंद धरत नाही. बाजारातल्या मऊ, मेणचट प्लास्टिकच्या सैनिकांना तर साधे गोंद चिकटतच नाहीत. त्यांच्यावर वेळ घालवू नये.

फेविक्विक ओलाव्याने घट्ट होते. त्यामुळे बोईसर-तारापूरच्या दमट हवेत ते झटकन धरते, पण त्याच हवेने सांध्याभोवती पांढरी धुरकट छटाही येते. उपाय एकच: अगदी लहान थेंब लावून घट्ट दाबायचे. जाड थर आतून ओलाच राहतो. शिवाय वाळलेले फेविक्विक ठिसूळ असते, आडवा धक्का बसला की सांधा तुटतो. जड धातूच्या सैनिकाच्या पायात म्हणूनच एक मिलिमीटरचे भोक पाडून पेपरक्लिपची तार बसवावी. तारेचे दुसरे टोक बैठकीतल्या भोकात अ‍ॅराल्डाइटने रोवावे. दोन्ही ट्यूबमधले मिश्रण समसमान हवे. हा गोंद सावकाश घट्ट होतो, त्यामुळे सैनिक सरळ करायला वेळ मिळतो.

बैठक पुठ्ठ्याची नको, पाणचट गोंद वाळताना तो वाकतो. हार्डवेअरच्या दुकानातला पंचवीसेक मिलिमीटरचा वायसर उत्तम. त्याचे भोक एम-सीलने बुजवले की वजन खाली राहते आणि सैनिक कलंडत नाही. तार रोवायची असेल तर एम-सील मऊ असतानाच तिच्यासाठी जागा करून ठेवावी.

मग जमीन. केळवे किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावरची मूठभर वाळू यासाठी मला सर्वांत योग्य वाटते, कारण लढाई याच किनारपट्टीवर झाली. मात्र ती गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्याशिवाय वापरू नये. मिठाचा अंश राहिला तर तो पावसाळ्यात हवेतले पाणी ओढतो आणि रंग सुटू लागतो. धुतलेली वाळू उन्हात वाळवून चहाच्या गाळणीने चाळावी. बैठकीवर फेविकॉल पसरून वाळू भुरभुरावी आणि जास्तीची झटकावी. रात्रभर वाळल्यावर निम्मे पाणी घातलेले फेविकॉल वरून थेंबाथेंबाने सोडावे, म्हणजे कण पक्के बसतात. त्यानंतर गडद तपकिरी रंग आणि उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट हात. गवतासाठी नारळाच्या काथ्याचे बारीक तुकडे चालतात.

शेवटी मॅट वार्निशचा फवारा द्यावा, पण भर पावसाळ्यात नव्हे. दमट हवेत तो दुधाळ होतो. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत तो स्वच्छ बसतो.