रद्दी, मेथी आणि मानमंदिराची बदके

कागद कापायचा नाही, फाडायचा. कात्रीने कापला तर कड बंद राहते; फाडला की तंतू सुटतात आणि पाणी लवकर आत शिरते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या काकू रद्दीचा ढीग पुढ्यात घेऊन बसल्या की आधी हेच बजावतात. पुरवण्यांची गुळगुळीत पाने त्या वेगळी काढतात, कारण ती कितीही भिजवली तरी लगद्यात मिसळत नाहीत. साधा, पिवळट, स्वस्त कागदच या कामाला चांगला.

कागदाच्या लगद्याचे काम ग्वाल्हेरला नवे नाही. इथली लगद्याची खेळणी, पशुपक्षी प्रसिद्ध आहेत, आणि 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेली ग्वाल्हेरची जत्रा अशा हस्तकलांचा मोठा बाजार. पण मला सांगायचे आहे ते घरातल्या कामाबद्दल, ज्यात विकत आणायचे जवळजवळ काहीच नसते. काकू भिंतीवर टांगायची ताटे करतात.

मध्यम आकाराच्या एका ताटाला साधारण पाव किलो रद्दी लागते. कागद बादलीत तीन-चार दिवस भिजतो. पाणी रोज बदलावे लागते, नाहीतर वास सुटतो. मग तो पिळून खलबत्त्यात कुटायचा. काकूंच्या सुनेने मिक्सर वापरून पाहिला. लगदा झाला, पण फार बारीक झाला. कुटलेल्या लगद्यात तंतू लांब राहतात आणि तेच ताटाला धरून ठेवतात. एकीकडे मूठभर मेथी रात्रभर भिजवून वाटलेली असते. मेथीचा बुळबुळीतपणा हाच इथला गोंद, आणि तिच्या कडूपणामुळे कसर लागत नाही, असा जुन्या बायकांचा अनुभव. थोडी मुलतानी मातीही घालतात. ती जास्त झाली तर ताट तडकते.

आता साचा. स्वयंपाकघरातली परात पालथी घालायची, तिला तेलाचा हात लावायचा, वर ओल्या कागदाचा एक थर द्यायचा आणि त्यावर लगदा थापायचा. थापताना काकूंचा तळवा मधून कडेकडे सरकतो, अंगठा कडेची जाडी तपासत राहतो. मध्ये जाड आणि कडेला पातळ झाले की सुकताना कड वर उचलते. जाडी सगळीकडे अर्ध्या बोटाएवढी हवी. पाठीमागे सुतळीचा फास ओल्या लगद्यातच दाबून टाकतात. सुकल्यावर भोक पाडायला गेले की ताट फुटते.

खरी कसोटी सुकवण्यात आहे. ग्वाल्हेरचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या आसपासचे ऊन आणि दुपारभर लू. अशा हवेत ताट लवकर सुकेल असे वाटते, पण वरचा थर आधी आवळतो, आतला ओलाच राहतो आणि भेगा पडतात. म्हणून पहिला दिवस सावलीत, वर ओले फडके. दुसऱ्या दिवशी फडके काढून सावलीतच. मग सकाळचे कोवळे ऊन. पावसाळ्यात हे काम करूच नये, बुरशी येते. दसरा ते होळी हा उत्तम काळ.

रंगही घरचेच. पांढऱ्याला खडूची पूड, तांबड्याला गेरू, निळ्याला कपड्यांच्या निळीची पुडी, काळ्याला दिव्याची काजळी. सगळ्यांत लाडवांसाठी आणलेल्या डिंकाचे पाणी. हळद दिसायला सुरेख, पण उजेडाने उडते. पिवळा हवा तर पिवळी माती घ्यावी. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेले कडुलिंबाचे दातण.

काढायचे काय, हा प्रश्न ग्वाल्हेरात पडू नये. लष्करातच चितेरा ओली ही चित्रकारांची वस्ती आहे. तिथले चितेरे पूर्वी लग्नघराच्या भिंती रंगवत: दारावर गणपती, दोन्ही बाजूंना हत्ती, घोडे. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला पडली आणि तिचेच हे लष्कर शहर झाले. त्यात वसलेल्या मराठी घरांच्या दारांवरही अशी चित्रे शोभली. काकूंना मात्र किल्ल्यावरच्या मानमंदिराची बदके आवडतात. मानसिंह तोमर (1486–1516) यांनी बांधलेल्या त्या महालाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या, पिवळ्या चकचकीत फरशांत बदकांची रांग आहे, हत्ती आणि केळीची झाडेही आहेत. काकू ताटाच्या कडेने तीच रांग फिरवतात. एक बदक म्हणजे तीन फटकारे: पाठ, पोट आणि मान. डोळा काडेपेटीच्या काडीने टिपायचा. नीळ खडूच्या पांढऱ्यावर पडली की जो निळा उठतो, तो विकतच्या रंगांत मला दिसलेला नाही.

हल्ली अशा ताटांवर आरसे, चमकी, सोनेरी दोऱ्या आणि वर वार्निशचा जाड थर चढवतात. मला ते पटत नाही. लगद्याचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असतो, त्यावर गेरू थोडा असमान बसतो, आणि सगळी शोभा त्यातच आहे. ते झाकायचे असेल तर प्लास्टिकची थाळी रंगवलेली काय वाईट? वर्तमानपत्राचे एखादे अक्षर कडेला तसेच राहिले तरी काकू ते खरवडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

करून पाहणार असाल तर एवढे सांभाळा: रंगाची घाई नको. ताट उचलल्यावर हलके लागले आणि टिचकी मारल्यावर कडक वाजले, तरच ते आतून सुकले असे समजा. आवाज दबका आला तर आणखी दोन दिवस उन्हात ठेवा.